गिनीपिगच्या डोळ्यांत माणसांचे थेंब नकोत

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की पाळीव जनावरांच्या काळजीविषयी आपण आवर्जून मजकूर छापता आणि तो उपयोगीही पडतो. परंतु गुरेढोरे, कुत्री आणि मांजरे यांच्यापलीकडे त्यात सहसा जाणे होत नाही. अलीकडे गोव्यातल्या फ्लॅटांतून, इतकेच नव्हे तर जुन्या घरांच्या बाल्कांवांतूनही (दर्शनी ओसरीतूनही), गिनीपिग दिसू लागले आहेत. कुत्रा सांभाळणे जमत नाही आणि मुलांचा हट्ट तर मोडवत नाही, अशा घरांनी काढलेली ही मधली वाट आहे. या प्राण्याच्या डोळ्यांत काही चमत्कारिक गोष्टी होतात. त्यांतल्या काही निरुपद्रवी असतात, काही जिवावर बेततात, आणि नवख्या पाळणाऱ्याला यांतले काय कोणते हे कळत नाही. नेमक्या अशा वेळी घरातली जुनी आयड्रॉपची बाटली हाताला लागते. ती बाटली जिथे आहे तिथेच राहू द्यावी, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी जनावरांचा डॉक्टर नव्हे. म्हापशाला बत्तीस वर्षे औषधांचे दुकान चालवून आता डिचोलीला मुलाच्या घरी राहतो, आणि ज्या चुकीविषयी लिहीत आहे ती माझ्याच हातून घडलेली आहे. २०२१ च्या चवथीनंतर नातीसाठी गिनीपिगांची जोडी घरात आली. पुढच्या पावसाळ्यात एके सकाळी त्यांतल्या नराचा उजवा डोळा अर्धवट मिटलेला आणि ओला दिसला. माझ्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेले थेंब कपाटात होते. त्यात एक प्रतिजैविक आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड अशी दोन औषधे एकत्र होती. दुसऱ्यासाठी लिहून दिलेले थेंब आपल्या डोळ्यात घालू नका, असे जन्मभर गिऱ्हाइकांना बजावणाऱ्या माणसाने ते थेंब त्या मुक्या जिवाच्या डोळ्यात घातले. पहिल्या दिवशी लाली उतरली, म्हणून मी खूश झालो. तिसऱ्या दिवशी डोळ्यावर निळसर पांढरा डाग उमटला.

पशुवैद्यांनी नारिंगी रंगाची एक बारीक कागदी पट्टी ओली करून डोळ्याला लावली, निळ्या उजेडात पाहिले आणि तो डाग हिरवागार चमकताना मला दाखवला. ती पट्टी फ्लुओरेसिन या रंगद्रव्याची असते. कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, जखम असेल तरच रंग तिथे धरतो. गवताची काडी टोचून झालेली ती साधी जखम होती. स्टिरॉइडने लाली दाबली, पण जखम भरून येण्याची क्रियाही रोखली आणि जंतूंना मोकळे रान दिले. डोळा वाचला, मात्र त्यात कायमचे फूल पडले. पट्टी लावून पाहण्याआधी थेंब घातले नसते तर हे टळले असते, हे डॉक्टरांनी सौम्य शब्दांत सांगितले. मला ते सौम्य वाटले नाही.

हा प्राणी दुखणे दाखवत नाही, ही पहिली अडचण. रानात ज्यांची शिकार होते अशा प्राण्यांपैकी तो एक असल्यामुळे दुबळेपणा लपवणे त्याच्या अंगातच आहे. त्यातच गिनीपिगच्या कॉर्नियाची संवेदना कमी असते आणि तो पापण्याही क्वचितच मिटतो, त्यामुळे माणूस ज्या काडीने कळवळला असता ती काडी डोळ्यात घेऊन गिनीपिग निमूटपणे गवत चघळत बसलेला आढळतो. आपल्याकडे पिंजऱ्यात अंथरण्यासाठी भाताचा पेंढा सहज मिळतो, पण त्याची टोके टणक आणि धारदार असतात. लाकडाच्या भुशाची धूळ आणि वेळेवर साफ न केलेल्या मुतारीचा अमोनिया यांनीही डोळे चुरचुरतात. पावसाळ्यात गवताला बुरशी धरते, ती वेगळीच. मुळात हा प्राणी अँडीज पर्वतरांगांतला, म्हणजे थंड आणि कोरड्या हवेतला आहे. पोर्तुगीज लोक त्याला ‘पॉर्किन्यू द इंदिया’, म्हणजे भारताचे डुकराचे पिल्लू, म्हणत आले आहेत. पण तो डुक्कर नव्हे आणि या नावातला भारतही कोलंबसाच्या घोळातला, अमेरिकेचा आहे. नावाने आपला असला तरी आपली दमट हवा त्याला मानवत नाही, हे पाळणाऱ्याने लक्षात ठेवलेले बरे.

आता निरुपद्रवी गोष्टींकडे वळतो, कारण घबराट बहुतेक वेळा यांच्यामुळेच होते. गिनीपिगच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून मधूनच दुधासारखा पांढरा द्रव येतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो पू वाटतो. वास्तविक ते त्याचे तोंड धुण्याचे पाणी आहे: तो पुढचे दोन्ही पंजे त्या द्रवाने भिजवतो, चेहऱ्यावरून फिरवतो आणि काही क्षणांत डोळा पूर्ववत स्वच्छ होतो. दोन्ही डोळ्यांतून येणारा, थोडा वेळ टिकणारा पांढरा द्रव म्हणजे रोग नव्हे. दिवसभर एकाच डोळ्यातून पाणी वाहणे, पापण्यांवर खपली धरणे किंवा द्रव पिवळट आणि चिकट होणे मात्र वेगळे, आणि त्यासाठी डॉक्टर गाठावा.

दुसरी गोष्ट आमच्या मादीची, भुरीची. ती दीड वर्षाची असताना तिच्या खालच्या पापणीच्या आतून वाटाण्याएवढा गुलाबी फुगवटा बाहेर डोकावू लागला. इंग्रजीतून लिहिणारे पाळणारे या प्रकाराला वाटाण्याचा डोळा याच अर्थाचे नाव देतात. पापणीच्या आतल्या नाजूक अस्तराखाली चरबी साठल्यामुळे किंवा तिथल्या ग्रंथीचा काही भाग पुढे सरकल्यामुळे हा फुगवटा येतो. तो दिसायला विचित्र असतो, परंतु सामान्यतः दुखत नाही, दृष्टीला बाधा आणत नाही आणि त्यावर इलाजही करावा लागत नाही. आम्हाला मात्र पहिल्या दवाखान्यात तो ताबडतोब कापून काढण्याचा सल्ला मिळाला आणि शस्त्रक्रियेची तारीखही ठरली. सुदैवाने पुण्याच्या फेरीत दुसऱ्या डॉक्टरांना दाखवता आले. त्यांनी पट्टी लावून कॉर्निया तपासला, तो निकोप असल्याचे पाहून कात्री नको म्हणून सांगितले आणि आधी भुरीचे वजन कमी करा, असे वर बजावले, कारण लठ्ठ गिनीपिगांत हा प्रकार अधिक दिसतो. पापणी नीट मिटत नसेल किंवा फुगवट्यामुळे डोळा कोरडा पडून जखम होत असेल, तरच शस्त्रक्रियेचा विचार करायचा असतो. गिनीपिगला भूल देणे ही काही लहानसहान बाब नव्हे. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत भुलेच्या काळात आणि त्यानंतरच्या दोन दिवसांत दगावण्याचे प्रमाण कुत्र्यांत सुमारे ०.१७ टक्के, तर गिनीपिगांत सुमारे ३.८ टक्के आढळले होते. केवळ दिसण्यासाठी एवढा धोका पत्करावा, असे मला वाटत नाही. हा दोष आनुवंशिक असावा, असे मानले जाते, त्यामुळे अशा जनावराची वीण घेऊ नये, एवढी काळजी मात्र घ्यावी.

याहून आश्चर्य वाटावे असा प्रकार म्हणजे डोळ्यात हाड तयार होणे. वाचकांना ही थट्टा वाटेल, परंतु पशुवैद्यकात ही चांगली माहीत असलेली गोष्ट आहे. बुबुळाच्या कडेशी, कॉर्नियाच्या आतल्या बाजूला, पांढरी कमानदार रेघ दिसू लागते आणि काही वेळा ती पूर्ण वर्तुळही करते. ते खरोखरीचे हाड असते. त्यात मज्जाही सापडू शकते. गिनीपिगच्या डोळ्यातील पाण्यात क जीवनसत्त्वाचे प्रमाण बरेच जास्त असते आणि त्याचा या हाडाशी संबंध असावा, असा एक कयास आहे. बहुतेक जनावरांना याचा काहीच त्रास होत नाही. क्वचित डोळ्यातले पाणी बाहेर पडण्याची वाट अडून आतला दाब वाढतो, म्हणून रेघ दिसली की एकदा दाब मोजून घ्यावा. याला मोतीबिंदू समजून कोणी थेंब घालत बसू नये. खरा मोतीबिंदू बाहुलीच्या आत, मधोमध, धुरकट दिसतो. तो जन्मतः, म्हातारपणी किंवा मधुमेहातून होऊ शकतो, आणि त्यालाही थेंबांचा उपयोग नसतो. काही पिल्ले तर डोळ्यावर केस घेऊनच जन्मतात: कॉर्नियावर त्वचेचा छोटा तुकडा असतो आणि त्यातून केस उगवलेले असतात. हे कुसळ समजून चिमट्याने ओढण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण ती त्वचा कॉर्नियात रुजलेली असते आणि ती सोडवणे हे शल्यविशारदाचे काम आहे.

आता ज्याकडे दुर्लक्ष केले तर जनावर गमवावे लागते, त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. आमच्या शेजाऱ्यांच्या गिनीपिगचा डावा डोळा महिनाभर पाणावत होता. तीन प्रकारचे थेंब घालून झाले होते. मग तो डोळा उजव्यापेक्षा किंचित पुढे आल्यासारखा दिसू लागला, आणि तेव्हा कुठे कोणीतरी त्याचे तोंड उघडून पाहिले. दोष डोळ्यात नव्हताच, तो दाढेत होता. गिनीपिगला वीस दात असतात आणि ते सगळे जन्मभर वाढत राहतात. भरपूर गवत चघळून त्यांची झीज झाली नाही तर दाढा वाकड्या वाढतात. वरच्या दाढांची मुळे डोळ्याच्या खोबणीला अगदी लागून असल्यामुळे ती वर सरकली की अश्रूंची वाट दाबली जाते आणि डोळा वाहू लागतो; मुळाशी पू झाला तर तो डोळ्याच्या मागे साठून डोळाच पुढे ढकलतो. म्हणून एका बाजूचा डोळा सतत पाणावणे, हनुवटी लाळेने भिजणे, आवडीचा घास तोंडात घेऊन टाकून देणे आणि वजन घटणे ही चार लक्षणे एकत्र दिसली, तर डोळ्याआधी दाढांचा एक्स-रे काढून घ्यावा. किराणा तोलायच्या डिजिटल काट्यावर आठवड्यातून एकदा वजन करून ते वहीत टिपून ठेवणे हा मला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय वाटतो. मोठ्या गिनीपिगचे वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असते, त्यामुळे ५० ग्रॅमची घट ही त्याच्या मानाने लहान नव्हे, पण ती डोळ्याने दिसत नाही. शेजाऱ्यांचा गिनीपिग वाचला नाही.

दाढा आणि डोळे या दोहोंच्या मुळाशी पुष्कळदा आहार असतो. माणसाप्रमाणेच गिनीपिगलाही क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. १९०७ मध्ये नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिक या संशोधकांनी गिनीपिगला निव्वळ धान्यावर ठेवले, तेव्हा त्याला माणसासारखाच स्कर्व्ही झाला, आणि क जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट तिथून मोकळी झाली. म्हणजे आपल्या दुकानांतून खपणाऱ्या त्या आंबटगोड गोळ्यांचे थोडे श्रेय या प्राण्याकडे जाते. हे जीवनसत्त्व कमी पडले की हिरड्या आणि सांधे दुखू लागतात, दात सैल होतात, जखमा भरत नाहीत आणि पापण्यांवर खपल्या धरतात. रोजची गरज वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १० मिलिग्रॅम, आणि गाभण किंवा आजारी जनावरात ३० मिलिग्रॅमपर्यंत असते. पाण्याच्या बाटलीत गोळी विरघळवून ती भागत नाही, कारण पाण्यात आणि उजेडात हे जीवनसत्त्व लवकर नष्ट होते. पाकिटातल्या खाद्यातलेही ते सुमारे तीन महिन्यांत बरेच कमी होते, आणि आपल्या दमट हवेत फोडून ठेवलेल्या पाकिटाची तर गोष्टच सोडा. रोज भोपळी मिरचीचा एक तुकडा आणि थोडी कोथिंबीर द्यावी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दोन्ही मिळतात. तुळशीच्या लग्नाला वृंदावनात खोचलेल्या फांदीवरचा आवळाही चिमूटभर चालतो. पेरूही चालतो, मात्र तो गोड असल्यामुळे अगदी लहान फोड द्यावी. (पेरू देशातून आलेल्या प्राण्याला पेरू आवडावा, यात नातीला फार गंमत वाटते.)

एक गोष्ट दुकानदारांनी ऐकावी. ज्या गिनीपिगच्या रंगीत अंगावर पांढरे केस सरमिसळ विखुरलेले असतात त्याला रोन म्हणतात, आणि पांढऱ्या अंगावर ठिपके असलेल्याला डॅल्मेशियन. दोन्ही दिसायला सुंदर असतात आणि दोघांत एकच जनुक असते. असे दोन एकत्र आले की चारांतले सरासरी एक पिल्लू त्या जनुकाच्या दोन प्रती घेऊन जन्मते. ते पांढरेशुभ्र असते, त्याचे डोळे अतिशय बारीक असतात किंवा नसतातच, दात वेडेवाकडे असतात आणि बहुधा ते ऐकूही शकत नाही. बहुतेक पिल्ले लवकर मरतात. जी जगतात त्यांचे दात जन्मभर कापावे लागतात. गिनीपिगची निरोगी पिल्ले डोळे उघडे घेऊनच जन्माला येतात, त्यामुळे हा दोष पहिल्याच दिवशी दिसतो. आमच्या वसाहतीतल्या एका मुलाला दुकानातून ‘जोडी’ म्हणून असेच दोन रोन मिळाले आणि त्यांच्या पहिल्याच विणीत एक पिल्लू डोळ्यांवाचून जन्मले. (लाल डोळ्यांचे पांढरे गिनीपिग निराळे, त्यांच्या डोळ्यांत फक्त रंगद्रव्य नसते.) नर आणि मादी एकाच पिंजऱ्यात ठेवून विकणाऱ्या दुकानात रंगांची ही जोडी कोणी पाहत नाही. २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ती नोंदणी तपासताना पिंजऱ्यांतल्या जोड्याही पाहिल्या जाव्यात, अशी माझी विनंती आहे.

बाकीचे थोडक्यात. चार ते आठ आठवड्यांच्या पिल्लांत क्लॅमिडिया केव्हिए या जंतूमुळे डोळे येतात. ते बहुधा आपोआप बरे होतात, पण हा जंतू क्वचित माणसालाही बाधतो, म्हणून हात धुवावेत. कुरळ्या केसांच्या जातींतल्या नवजात पिल्लांच्या पापण्या कधी आत वळून केस डोळ्याला घासतात. डॉक्टरांनी दिलेल्या वंगणासारख्या मलमाने त्या बरेचदा काही दिवसांत सरळ होतात.

माझ्या व्यवसायबंधूंना आता दोन शब्द. स्टिरॉइड असलेले आणि बहुतेक प्रतिजैविकांचे थेंब शेड्यूल एचमध्ये येतात आणि चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, हे आपण सारे जाणतो आणि ते किती पाळतो हेही जाणतो. ‘घरच्या सशाला’, ‘उंदरासारख्या त्या प्राण्याला’ म्हणून कोणी थेंब मागितले तर कृपया देऊ नका. तोंडाने द्यायची प्रतिजैविके तर त्याहून घातक आहेत. अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन यांसारखी आपल्याकडे रोज खपणारी औषधे पोटात गेली की गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, विष तयार करणारे जंतू माजतात आणि काही दिवसांत जनावर दगावू शकते. डोळ्याला लावलेले मलमही तो पंज्याने पुसून चाटतो, त्यामुळे डोळ्याचे औषध डोळ्यातच राहील, असे या प्राण्याच्या बाबतीत धरून चालता येत नाही.

सरकारकडे माझे मागणे मोठे नाही. तालुक्यातल्या पशुचिकित्सालयांत गुरांची आणि कुत्र्यांची गर्दी असते आणि तिथल्या डॉक्टरांना गिनीपिग रोज पाहायला मिळत नाही, यात त्यांचा दोष नाही. फ्लुओरेसिनच्या पट्ट्या, एक निळा दिवा आणि दाढा पाहण्यासाठी कानाच्या डॉक्टरकडे असते तशी दिव्याची नळी एवढे साहित्य प्रत्येक ठिकाणी असावे, आणि लहान प्राण्यांवर काम केलेल्या एखाद्या पशुवैद्यांचे एक दिवसाचे शिबिर घेतले जावे. मुंबईचे परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे. तिथून तज्ज्ञ बोलावणे पशुसंवर्धन खात्याला अवघड जाऊ नये.

दरम्यान ज्यांच्या घरी गिनीपिग आहे त्यांनी दवाखान्यात जाताना वजनाची वही, डोळ्याचा उजेडात काढलेला फोटो, तो खातो त्या खाद्याचे पाकीट आणि आधी काही थेंब घातले असतील तर त्यांची बाटली बरोबर न्यावी, आणि बारा तास त्याने काही खाल्ले नसेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता जावे. वाटेत उन्हाने तो लोळागोळा होणार नाही, असा पुठ्ठ्याचा हवेशीर खोका घ्यावा आणि त्यात पेंढ्याऐवजी जुना टॉवेल अंथरावा.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त औषधविक्रेता
डिचोली, गोवा